यादीत नसलेल्या काकू

१३ एप्रिल २०२१ च्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे टीव्हीवर बोलायला लागले, तेव्हा घाटकोपरच्या पंतनगरातली एक कार्यकर्ती वही-पेन घेऊनच बसली होती. दुसऱ्या दिवसापासून राज्यात कोविडमुळे कडक निर्बंध लागणार होते आणि सोबत ५,४७६ कोटी रुपयांचं मदतीचं पॅकेज येणार होतं. ती एकेक नाव उतरवत गेली. नोंदीत बांधकाम कामगार, १२ लाख, प्रत्येकी दीड हजार. अधिकृत फेरीवाले, ५ लाख, दीड हजार. परवानाधारक रिक्षाचालक, १२ लाख, दीड हजार. नोंदीत घरेलू कामगार, दीड हजार. आदिवासी कुटुंबांना खावटीचे दोन हजार. भाषण संपलं. पानावर डाव्या बाजूला तिनं आधीच ‘पाळणाघर’ असं लिहून ठेवलं होतं, त्याच्यासमोर काहीच लिहावं लागलं नाही.

बचत गटांबरोबर काम करण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. पाळणाघर चालवणाऱ्या बायका तिच्या गटांमध्ये पहिल्यापासून होत्या, पण त्या कधी वेगळ्या म्हणून उठून दिसल्या नव्हत्या. पापडवाली, शिलाईवाली, डबेवाली अशा बायकांत एखादी ‘मुलं सांभाळणारी’. मुलुंडचा गव्हाणपाडा, बोरिवलीचा वझिरा नाका, अंधेरीचं मरोळ, घाटकोपरची जुनी हाउसिंग बोर्डाची वसाहत, कुठेही जा, तळमजल्यावरच्या एखाद्या वन-रूम-किचनमध्ये दहा-बारा मुलं आणि एक काकू हमखास असतात. बाहेर पाटी नसते. ओळखीतून ओळख निघते, पहिली आई दुसरीला सांगते आणि मूल सहा महिन्यांचं झालं की आईची रजा संपते त्या सोमवारी ते काकूंकडे येतं. दाराशी चपलांचा ढीग, आत डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव. कपड्यांच्या पिशवीत औषधाची बाटली आणि चिठ्ठी: ‘ताप वाटला तर अडीच एमएल, मला फोन करा.’ कोणाला झोपताना आईची जुनी ओढणी लागते, कोण वरणभाताआधी केळं खाल्लं की जेवत नाही, हे सगळं काकूंच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही.

हे ‘कागदावर काहीच नाही’ पुढे फार महागात पडलं.

मार्च २०२० च्या मध्यात शाळा आणि अंगणवाड्या बंद करण्याचे आदेश निघाले. पाळणाघरांचा त्यात वेगळा उल्लेख असो-नसो, सोसायट्यांनी आपापला अर्थ लावला आणि बाहेरच्या मुलांना फाटकावरच थांबवलं. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, मग लोकल बंद, मग २४ च्या मध्यरात्रीपासून सगळा देशच बंद. पहिला आठवडा काकूंना थोडा बरा वाटला, कारण कित्येकींनी वर्षानुवर्षं दुपारची झोप पाहिली नव्हती. एक तारीख आली आणि फीचा प्रश्न उभा राहिला. मार्चची फी अर्धी कापावी का? एप्रिलची मागावी का?

कार्यकर्तीचं पहिलं काम सरकारदरबारी झालं नाही, ते व्हॉट्सअॅपवर झालं. काकूंना पैसे मागता येत नव्हते. ज्या बाईनं तुमच्या मुलाची शी-शू काढली, तिला तुमच्याकडे ‘एप्रिलचे पाठवता का’ असं विचारताना संकोच वाटतो, हे चमत्कारिक आहे, पण होतं तसंच. मग एक मजकूर तयार झाला. पहिला खर्डा इतका गरीब बिचारा होता की वाचणाऱ्याला दया यावी. तो तिनं फाडला. दुसऱ्यात सरळ लिहिलं: जागेचं भाडं चालू आहे, मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार चालू आहे, तुमच्या मुलाची जागा राखून ठेवलेली आहे, बंदच्या काळात निम्मी फी द्यावी. खाली काकूंचा खातेक्रमांक.

उत्तरं फार बोलकी आली. बँकेत, सरकारी नोकरीत असलेल्या पालकांनी बहुतेक ठिकाणी मुकाट्यानं पैसे पाठवले, काहींनी तर पूर्ण. ज्यांचे स्वतःचे पगार कापले गेले होते त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. एका वडिलांनी विचारलं, “मूल तर घरीच आहे, मग पैसे कशाचे?” त्यावर त्या ग्रुपमधल्या दुसऱ्या एका आईनं काकूंच्या आधीच लिहिलं, “गावाला गेलो म्हणून सोसायटीचा मेंटेनन्स कोणी माफ करतं का?” हा एक युक्तिवाद त्या वर्षभरात सगळ्यात जास्त चालला. कार्यकर्तीनं तो उचलला आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत वापरला.

बंद म्हणजे सगळेच घरी, असंही नव्हतं. मरोळचं सेव्हन हिल्स रुग्णालय, घाटकोपरचं राजावाडी, बोरिवलीचं भगवती, पुढे जुलैत उभी राहिलेली मुलुंड आणि दहिसरची जम्बो कोविड केंद्रं, ही सगळी माणसांवरच चालत होती आणि त्या माणसांना लहान मुलं होती. परिचारिका, वॉर्डबॉय, बेस्टचे कंडक्टर, पोलीस शिपाई, सफाई कामगार यांनी कामावर जायचं आणि मूल कोणाकडे ठेवायचं? इंग्लंडनं मार्च २०२० मध्ये शाळा आणि पाळणाघरं बंद करताना अत्यावश्यक सेवेतल्यांच्या मुलांसाठी ती उघडी ठेवायची सोय त्याच घोषणेत केली होती. आपल्याकडे अत्यावश्यक सेवेच्या यादीत दूध, भाजी, औषध, बँक होतं. परिचारिकेच्या दीड वर्षाच्या मुलीला सांभाळणारी बाई त्यात नव्हती.

तरी सोय झालीच, मुंबईत होते तशी, गुपचूप. मुलुंडमधल्या एका काकूंनी महापालिकेच्या रुग्णालयातल्या परिचारिकेची मुलगी ठेवून घेतली. चपला आत घ्यायच्या, खिडकीचा पडदा ओढायचा, मुलगी रडली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. परिचारिकेची ड्यूटी लागली की तिला हॉटेलातच राहावं लागे, तेव्हा मुलगी रात्रीही काकूंकडे. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्ता लागलाच. ते दाराशी आले आणि पाळणाघर ताबडतोब बंद करा म्हणाले. काकू दारातच उभ्या राहिल्या. “पाळणाघर बंदच आहे,” त्या म्हणाल्या. “ही माझी नात आहे. नातीला ठेवायला परवानगी लागते का?” काकूंना साखरेचा त्रास, वय साठीच्या पुढे. म्हणजे सरकारी सूचनांप्रमाणे घराबाहेर पडू नये अशांत त्यांचा पहिला नंबर.

सोसायट्यांचा धाक त्या काळात भलताच वाढला होता. घरकाम करणाऱ्या बायकांना फाटकावर अडवू नका, असं सरकारला त्यांना सांगावं लागलं. मुलांसाठी असं काही कोणी सांगितलं नाही.

पैसा उभा करण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. २३ मार्च २०२० लाच केंद्र सरकारनं स्पष्ट केलं होतं की कोविडसाठी केलेला खर्च कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात (सीएसआर) धरला जाईल. त्यामुळे पैसे होते. मात्र ते पैसे येत ते पिशवीतून: पाच किलो गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण. कार्यकर्तीनं मागितलं भाडं आणि मिळालं रेशन. देणाऱ्याला पिशवीचा फोटो काढता येतो, भाड्याच्या पावतीचा फोटो कोण छापणार? शिवाय पाळणाघरवाली रांगेत उभी राहायला तयार नव्हती. वसाहतीत तिला ‘काकू’ म्हणून मान, तिच्याकडे वाढलेली मुलं आता इंजिनीयर झालेली, ती पिशवी घ्यायला मैदानात जाईना. एकीनं पिशवी घेतली आणि खालच्या वॉचमनला देऊन टाकली. मग जून उजाडला आणि मीटरचं रीडिंगच न झाल्यानं सरासरीवर चाललेल्या वीजबिलांचा हिशेब एकदम समोर आला, तेव्हा मानापमान बाजूला राहिला.

शेवटी एक छोटा निधी झाला, तोही कंपन्यांकडून नाही. जुन्या पालकांकडून. ज्यांची मुलं वीस वर्षांपूर्वी या घरांमधून वाढली, त्यातली काही पुण्यात, काही न्यू जर्सीत, काही अजून तिथेच वरच्या मजल्यावर. कार्यकर्तीनं प्रत्येक काकूंना एकच विचारलं, तुमच्या हातून मोठी झालेली मुलं आठवा. नावं भराभर निघाली, फोन नंबर शोधावे लागले. ज्यांच्याकडे नोंदवही नव्हती त्यांना मुलांची जन्मतारीख, दम्याचा त्रास आणि आजीचं माहेर एवढं सगळं आठवत होतं. निधीतून भाडं आणि वीजबिल एवढंच भरायचं, असं ठरलं. किराणा नाही, कर्ज नाही. हा नियम कडक होता आणि त्यावर भांडणंही झाली, कारण एका घरात भाड्यापेक्षा नवऱ्याच्या डायलिसिसची निकड मोठी होती. नियम मोडला गेला. मोडायलाच हवा होता.

याच काळात तिचं अंगणवाडीच्या बायकांशीही रोजचं बोलणं होतं आणि तिथलं चित्र पाहून तिला हेवाही वाटे, रागही येई.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यात मुंबईची धारावी होती. तेव्हापासून अंगणवाडी सेविका सरकारच्या दप्तरात आहे. कर्मचारी म्हणून नाही, ‘मानसेवी’ म्हणून, पण आहे. महामारीत तिला मानधन मिळत राहिलं: राज्यात सेविकेला महिना ८,३२५ रुपये, मदतनिसाला ४,४२५. त्या बदल्यात काम मात्र तिप्पट. गरम आहार बंद झाला तर गहू, डाळ, तिखट-मीठ-हळदीची पाकिटं घरोघर पोचवायची. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन चाळी चढायच्या. घाटकोपर-विक्रोळीच्या डोंगराळ वस्त्यांत हे काम म्हणजे एका हातानं कठडा धरून दुसऱ्या हातानं वही सांभाळणं. कोविडच्या कामावर असताना मृत्यू झाला तर ५० लाखांचं संरक्षण राज्य सरकारनं मे २०२० मध्ये जाहीर केलं, त्यात त्या होत्या. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिल्या गटात त्या होत्या.

हे आपोआप झालं नव्हतं. एम. ए. पाटील, शुभा शमीम यांच्यासारख्या नेत्यांनी वर्षानुवर्षं बांधलेल्या संघटना त्यामागे होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचं दर्शन घडलं. सरकारनं २०१९ मध्ये दिलेले मोबाइल गरम होत होते, अडकत होते, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येत होता आणि मार्च २०२१ पासून त्यात ‘पोषण ट्रॅकर’ नावाचं नवं अॅप भरायचं होतं, तेही इंग्रजीत. मराठी शाळेतून सातवी-दहावी झालेल्या बाईनं बाळाचं नाव, वजन, उंची रोमन अक्षरांत भरायची. राज्यभर हजारो सेविकांनी मोबाइल प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. मुंबईतल्या एका सेविकेनं कार्यकर्तीला सांगितलं, “अहो, माझा मोबाइल मी पोरीला ऑनलाइन शाळेसाठी दिलाय, तो काढून घेऊ का सरकारसाठी?”

तिथे परत करायला मोबाइल तरी होता. पाळणाघरवालीनं निषेध म्हणून काय परत करायचं?

मुलं सांभाळण्याचा तिसरा प्रकार बांधकामांवरचा. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत, गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये ती मुंबईत आली आणि २००७ पासून मुंबई मोबाइल क्रेशेस या नावानं स्वतंत्रपणे काम करते. इमारत उठेपर्यंत पाळणाघर तिथे, इमारत झाली की पुढच्या साइटवर. बिल्डर जागा, पाणी, वीज आणि खर्चातला काही वाटा देतो. लॉकडाऊनमध्ये साइट थांबल्या, मजूर काही पत्र्याच्या खोल्यांत अडकले, काही उत्तरेकडे चालू लागले. मुलंच गेली तर पाळणाघर कशाचं? तिथल्या बायकांनी शिधा पोचवला आणि फोनवरून गोष्टी-गाणी चालू ठेवली. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघराची तरतूद होती, बांधकाम खर्चावर उपकर जमा होतो, मंडळ आहे. म्हणून मजुरांच्या खात्यात एप्रिल २०२० मध्ये दोन हजार रुपये तरी पडले. नोंदणी झालेल्यांच्याच, हेही खरं.

२०२० च्या दिवाळीआधी कार्यकर्तीला बाहेर पडता आलं. १९ ऑक्टोबरला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, २१ ला बायकांना लोकलमध्ये ठरावीक वेळांत प्रवेश मिळाला. कामावर जाणाऱ्या आया पुन्हा काकूंना फोन करू लागल्या. इथे एक मजेशीर पेच झाला. आईला लोकल होती, पण नोव्हेंबरअखेर रेल्वेनं सांगितलं की तिच्यासोबत मुलाला गाडीत चढता येणार नाही. अनेक बायका मूल ऑफिसजवळच्या किंवा माहेरच्या स्टेशनापर्यंत सोबत नेत. कांजुरमार्गची आई ज्या काकूंकडे मुलुंडला मूल सोडायची, तिथपर्यंत आता रिक्षा. जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे फीपेक्षा जास्त.

मग तिनं एका सरकारी कार्यालयात अर्ज नेला. मागणी साधी होती: पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना एखाद्या मदत योजनेत बसवा. समोरचे गृहस्थ सभ्य होते, त्यांनी चहाही मागवला. “अंगणवाडीत मोडतात का या?” नाही. “शाळेत?” नाही. “घरेलू कामगार?” घरेलू कामगार मंडळाचा कायदा २००८ चा, पण तो दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करणारीसाठी. इथे दुसऱ्यांची मुलं हिच्या घरी येतात. “फेरीवाले तर नक्कीच नाहीत,” असं म्हणून ते हसले. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज मिळत होतं. कांदेवालीला ते मिळालं याचा आनंदच आहे. पण कांदेवालीचं मूल ज्या बाईकडे असे, तिला बँकेनं दारातूनच परत पाठवलं होतं.

बाहेरच्या जगात हे कसं झालं, याची कात्रणं तिच्या फायलीत होती. ऑस्ट्रेलियानं एप्रिल ते जुलै २०२० या काळात पाळणाघरं पालकांना मोफत केली आणि चालकांना थेट पैसे दिले. अमेरिकेनं मार्च २०२१ च्या कायद्यात बालसंगोपनासाठी ३९ अब्ज डॉलर ठेवले, त्यातले २४ अब्ज निव्वळ पाळणाघरं बुडू नयेत म्हणून: भाडं, पगार, वीजबिल. ते पैसे घरगुती पाळणाघरांनाही मिळू शकत होते, कारण तिथे घरगुती पाळणाघरालाही बहुतेक ठिकाणी परवाना असतो आणि परवाना असतो म्हणजे यादी असते. भारताची स्वतःची राष्ट्रीय पाळणाघर योजना महामारी येण्याआधीच रोडावली होती, मार्च २०२० मध्ये देशभरात तिची साडेसहा हजारांच्या आसपास केंद्रं उरली होती.

म्हणजे आधी यादी हवी. इथे तिच्यापुढे नवीच अडचण आली: काकूंनाच यादीत यायचं नव्हतं.

त्याला कारण होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याची सीसीटीव्ही चित्रफीत सगळीकडे फिरली आणि राज्यभर नियमांची भाषा सुरू झाली. नियम आले नाहीत, भीती मात्र राहिली. नोंदणी म्हणजे तपासणी, म्हणजे फायर ब्रिगेड, म्हणजे सोसायटीची एनओसी, म्हणजे व्यावसायिक दरानं वीज. काकूंचं गणित अगदीच चुकीचं नव्हतं. ज्या सरकारनं अडचणीत एक रुपया दिला नाही, त्याच्या हाती आपला पत्ता का द्यायचा? कार्यकर्तीकडे याला उत्तर नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नियम हवेत याबद्दल मात्र ती हटली नाही. त्यावरून एका काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं ते बरेच महिने.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल सुरू झालं, तेव्हा तिला वाटलं, चला, इथे तरी. आधार, बँक खातं, मोबाइल, बस्स. सायबर कॅफेत बसून तिनं काहींचे अर्ज भरले. वयाची अट १६ ते ५९. मुंबईच्या उपनगरांत पाळणाघर कोण चालवतं? मुलगा मार्गी लागलेला, सून नोकरीला, नवरा निवृत्त, म्हणजे बहुतेक साठीच्या आसपास. ज्या काकूंनी परिचारिकेची मुलगी नात म्हणून ठेवली, त्या पोर्टलच्या हिशेबात कामगारच नव्हत्या. त्यांची सून बसली असती, पण ती बँकेत. लसीच्या बाबतीत त्यांचं वय उपयोगी पडलं, १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली होती. कोण कुठल्या खिडकीत बसेल, सांगता येत नव्हतं.

दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, तपासणी नाही. ही वाट त्यातल्या त्यात सोपी निघाली. पोचपावतीचा एक कागद मिळतो, ज्याला अजून सगळे गुमास्ताच म्हणतात. तो घेऊन बँकेत चालू खातं उघडता येतं. बोरिवलीच्या एका काकूंनी तो कागद लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगला.

२४ जानेवारी २०२२ ला पूर्वप्राथमिक वर्गांसह शाळा उघडल्या आणि पाळणाघरंही उजळ माथ्यानं सुरू झाली. सगळी नाही. भाड्याच्या जागेतली बरीच गेली होती, स्वतःच्या घरातली टिकली. मार्च २०२० ची दोन वर्षांची मुलं आता चार वर्षांची, थेट शाळेत. त्यांच्या जागी आलेली मुलं लॉकडाऊनमध्ये जन्मलेली. त्यांनी आई-बाबांशिवाय माणूस जवळून पाहिला नव्हता. एक मुलगा दुसऱ्या मुलाच्या नाकाला बोट लावून बराच वेळ बघत राहिला, काकूंनी कौतुकानं सांगितलं. त्याला रुळायला पूर्वीचा आठवडा पुरेना, आईला महिनाभर अर्धी रजा काढून दाराबाहेर पायरीवर बसावं लागलं.

सेविकांची लढाई चालू राहिली. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं, पुढच्या वर्षी मानधन दहा हजारांवर गेलं. केंद्रानं मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आणली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची १७ हजार केंद्रं. घरगुती काकूंचा त्यात पुन्हा उल्लेख नाही.

कार्यकर्तीच्या हाती राहिला तो एक पानी करारनामा. तिच्या गटांतल्या काकू आता मूल घेताना पालकांची त्यावर सही घेतात. फी किती तारखेपर्यंत, सोडायचं तर एक महिना आधी सांगायचं, ताप असेल तर मूल आणायचं नाही, आणि चौथा मुद्दा: सरकारी आदेशानं पाळणाघर बंद राहिल्यास निम्मी फी चालू राहील. बहुतेक पालक वाचून सही करतात. काही जण चौथ्या मुद्द्यावर थांबतात आणि हा काढता येईल का, असं विचारतात. मुलुंडच्या काकू म्हणतात, काढते की, मग फी दोनशे रुपयांनी जास्त लागेल. आजवर कोणी काढायला लावलेला नाही.